चार सरळ, एक उलटा

खोली बघायला म्हणून वर गेलेला माणूस नुसती खिडकी बघून खाली येतो, याला काय म्हणायचं? आक्कांनी मांडीवरची उशी एका हाताने दाबून धरली, दुसऱ्या हाताने गाडीची काच खाली घेतली आणि पायऱ्या उतरणाऱ्या जावयाकडे बघत राहिल्या. शेवटच्या पायरीवर तो थांबला. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला, परत डोळ्यांवर चढवला. म्हणजे नाहीच.

"हे नको वाटतंय," तो गाडीत बसत म्हणाला.

"का हो?"

"तसं बरं आहे. पण नको."

"गाडी लावायला जागा आहे म्हणाला ना तो काउंटरवरचा?"

"आहे जागा."

"पाणी?"

"गरम आहे. चोवीस तास."

"मग घोडं अडलं कुठं?"

जावयाने किल्ली फिरवली. मागच्या सीटवर नातीने वहीत फुली मारली आणि म्हणाली, "तीन."

नात अकरा वर्षांची. घरात तिला मुंगी म्हणत, कारण संग्रहालयात सोडली की ती भिंतीच्या कडेकडेने एका पाटीपासून दुसऱ्या पाटीपर्यंत सरकत जायची आणि एकही पाटी वाचल्याशिवाय सोडायची नाही. तिच्या वहीत तीन दिवसांत पाच संग्रहालयं लिहिलेली होती, रकाने आखून. पहिलं जुन्या नकाशांचं, बारा वाजता. आता दीड वाजून गेला होता. सामान गाडीत टाकून संग्रहालयात जायला जावई तयार नव्हता, आणि सामान ठेवायला खोली नव्हती.

आक्का दुसरीपर्यंत शिकलेल्या. नवरा गेल्यावर गादीचा कारखाना त्यांनी एकटीने चालवला होता, आणि तिथे त्यांच्या तोंडाला सगळे टरकून असत. दुसरा कुणी असता, पिंजारी असता, टेम्पोवाला असता, पोटचा मुलगा असता, तर एव्हाना त्याची सालं निघाली असती. पण जावयाला बोलता येत नाही. लेकीच्या लग्नापासून त्या 'अहो' आणि 'तुम्ही' करत आल्या होत्या. दीड वर्षापूर्वी लेक गेली, तरी ती सवय काही सुटली नव्हती. राग यायचा आणि घशाशी येऊन 'जावईबापू' व्हायचा.

अंगठा आपोआप उशीच्या कडेवरून फिरायला लागला. तीन सरळ, एक उलटा. तीन सरळ, एक उलटा. चुकलेली शिलाई. आक्कांच्या कारखान्यात हाताने शिवायची कड म्हणजे चार टाके सरळ घालायचे आणि पाचवा उलटा फिरवून दोरा अडकवायचा, म्हणजे उसवलं तरी चारच टाके उसवतात, सगळी गादी तोंड वासत नाही. हे त्यांनी फक्त लेकीला शिकवलं होतं. आणि लेक सुरुवातीची गाठच एक म्हणून मोजायची, पुढे अडकवलेला टाकाही एक म्हणून धरायची, त्यामुळे तिचे सरळ टाके जन्मभर तीनच राहिले. आक्का उसवून परत घालायला लावायच्या. ती परत तीनच घालायची. ही उशी तेवढी उसवायची राहून गेली होती. तरी त्या पोरीला शिवायची खोड अशी की पर्समध्ये सुई-दोरा कायम. एकदा बसची फाटकी सीट तिने उतरायच्या आत शिवून टाकली होती, कंडक्टरने विचारलं तर म्हणाली, बघवत नव्हतं.

आक्का संग्रहालयं बघायला आलेल्याच नव्हत्या. गेलेल्या माणसांची भांडी आणि अंगरखे काचेत ठेवायचे आणि जिवंत माणसांनी तिकीट काढून बघायचे, हा प्रकार त्यांना कधी पटला नव्हता. त्या आल्या होत्या ते एक वाक्य बोलायला. मुंगीला मी घेऊन जाते. एवढंच. कारखान्यावरची खोली रंगवून झाली होती. जवळच्या शाळेतल्या बाईंना त्या स्वतः भेटून आल्या होत्या. चांगल्यातला कापूस निवडून, पिवळ्या कापडावर बारीक पानं असलेली खोळ घालून गादीसुद्धा तयार करून ठेवली होती. पण असं वाक्य चालत्या गाडीत, पोरीच्या देखत बोलता येत नाही. त्याला चार भिंती लागतात आणि लावून घेता येईल असं एक दार लागतं. आणि हा माणूस दार काही मिळू देत नव्हता.

चौथ्या ठिकाणी त्या स्वतः उतरल्या. "मी येते वर," असं त्यांनी म्हटलं ते विचारायला नाही.

लिफ्ट होती. खोली स्वच्छ होती. आक्कांनी चादर कोपऱ्यातून उचलली, मूठ रोवून दाबली, कडेवरून बोट फिरवलं. फोम. चार बोटं जाडी, खाली प्लायवूड. मशीनची शिलाई, पण सरळ. कापसाची सर नाही, तरी तीन रात्री पाठ धरायची नाही. न्हाणीघराचा नळ त्यांनी उघडून बघितला, बंद करून बघितला. दाराची कडी लावून बघितली. कडी नीट बसली.

"चालेल," त्या म्हणाल्या.

जावई खिडकीशी होता. पडदा पूर्ण सारून त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मग कपाळ काचेला टेकवून खाली पाहिलं. खाली स्कूटर दुरुस्तीचं दुकान होतं.

"नाही," तो म्हणाला.

"खिडकीत झोपायचंय का आपल्याला?" तोंडून गेलं ते गेलं. मग टोचणाऱ्या फळीवर गोधडी टाकावी तसं त्यांनी मागून घातलं, "जावईबापू."

"तसं नाही, आक्का."

"मग कसं ते तरी सांगा."

त्याने पडदा होता तसा परत ओढला, मधली फट बंद होईपर्यंत दोन्ही बाजू जुळवल्या. खाली काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "काय कमी वाटलं साहेब?" तर म्हणाला, "काही नाही हो. सगळं छान आहे." आणि ते तो मनापासून बोलला, याचा आक्कांना जास्त संताप आला.

दुकानादुकानातले वजनकाटे तपासून शिक्का मारायचा, हे त्याचं काम. काट्यात तिळाएवढा फरक असला तरी याचा शिक्का उठत नाही, असं लेक कौतुकाने सांगायची. लेक आजारी पडली तेव्हाही हेच झालं. एका डॉक्टरने एक सांगितलं, दुसऱ्याने दुसरं. हा दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडून बसला. कुठल्या दवाखान्यात न्यायचं याचं चार दिवस वजन करत बसला. नंतर मोठ्या डॉक्टरांनी आक्कांना समोर बसवून सांगितलं होतं, त्या चार दिवसांनी काही फरक पडला नसता. आक्कांनी ते सगळं ऐकून घेतलं होतं. मान मात्र हलवली नव्हती.

तिठ्यावर गाडी कडेला घेऊन जावई एका पानवाल्याला काहीतरी विचारायला गेला. गाडीत ऊन भरत होतं. मुंगीने वहीत चौथी फुली मारली, नकाशांच्या संग्रहालयावरही एक आडवी रेघ ओढली आणि पुढे वाकली.

"आजी, तू चिडलीयस?"

"मी कशाला चिडते."

"उशी चेपून चेपून पापड झालाय तिचा."

आक्कांनी उशीवरचा हात उचलला. "तुझा बाप घरी बसून मोबाइलवर खोली नाही का घेऊ शकत? शेजारची ती दात पडलेली मंडळीसुद्धा घेतात."

"घेतली होती. तीनदा. आणि तीनदा रद्द केली." मुंगीने पुढे सांगितलं, "आधी आईच ठरवायची सगळं. आम्ही नुसते गाडीत बसायचो."

"आणि आता नुसते गाडीतच बसलोय."

मुंगी हसली. हसताना लेकीसारखीच एक भुवई वर. आक्कांनी तोंड खिडकीकडे केलं.

"घरी पण असंच करतात ते," मुंगी म्हणाली. "माझ्या गादीत मध्ये खड्डा पडलाय. मी कडेला झोपते. बाबांना सांगितलं तर ते तीन दुकानांत गेले, हाताने दाबून बघितलं आणि काहीच न घेता आले. म्हणाले, कळत नाही मला यातलं, चुकीची येईल."

"गादीवालीची नात खड्ड्यात झोपते," आक्का म्हणाल्या, "आणि मला कुणी फोन नाही केला."

"बाबा म्हणाले, तुझ्याकडे कसं मागायचं."

यावर बोलायला आक्कांकडे पुष्कळ होतं. पण जावई परत येत होता, रस्ता ओलांडायच्या आधी दोन्हीकडे दोन-दोनदा बघत. त्या मनात म्हणाल्या, झालं, आता ही शेवटची. आता खोली कशीही असो, मी बसले की उठायची नाही.

पाचवं ठिकाण घड्याळांच्या संग्रहालयाच्या मागच्या बोळात होतं. गाडी आत घेताना दोन्ही आरसे मिटावे लागले. दुमजली बुटकं घर, पाटीची अर्धी अक्षरं गेलेली. काउंटरमागे एक मध्यमवयीन बाई हिशेब सोडून शेंगा सोलत बसली होती.

"वर मागच्या बाजूला एकच खोली आहे, ती रिकामी आहे," ती म्हणाली. "पण आधीच सांगते, गाद्या जुन्या आहेत. कापसाच्या. मी वर्षापूर्वीच घेतलंय हे चालवायला, एकेक करत बदलीन."

आक्कांनी तिच्याकडे नीट पाहिलं. सकाळपासून भेटलेलं पहिलं खरं बोलणारं माणूस.

"मागे काय आहे? खिडकीतून?" जावयाने विचारलं.

"संग्रहालयाचं आवार आहे. त्यांच्या गाड्या लागतात."

"आधीपासून गाड्याच लागतात?"

"ते मला नाही माहीत. मी आले तेव्हापासून तरी."

काउंटरवर संग्रहालयांची माहितीपत्रकं ठेवलेली होती. मुंगी तिथेच चिकटली. जिना अरुंद होता. आक्का कठडा धरून, उशी काखेत मारून चढल्या. मध्ये एकदा थांबल्या, तेव्हा पुढे गेलेला जावई दोन पायऱ्या खाली येऊन उभा राहिला. त्यांनी त्याचा हात धरला नाही. तो तसाच त्यांच्या बरोबरीने चढला.

खोलीत शिरल्यावर तो सरळ खिडकीशी गेला. आक्कांनी आधी दार लावलं, कडी घातली, आणि पलंगावर बसल्या. गादी बसकी होती. कापूस गोळा होऊन एका बाजूला गेलेला. दहा वर्षांत हिला पिंजारी लागलेला नाही, त्यांनी मनात नोंद केली.

बाहेर सिमेंटचं आवार होतं. दोन पांढऱ्या गाड्या आणि पाण्याची टाकी. जावई बराच वेळ बघत उभा राहिला. मग म्हणाला, "हे पण नाही. पलीकडच्या गल्लीत अजून एक आहे म्हणाला तो पानवाला."

"मी इथून हलत नाही."

"आक्का, पाचच मिनिटं."

"सकाळपासून तुमची पाच मिनिटं चालली आहेत. काय शोधताय ते सांगा, नाहीतर मी बसलेय तशी आडवी होते."

त्याने चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला.

"आम्ही आलो होतो इथे. मुंगी चार वर्षांची होती. खोलीच्या खिडकीतून कुठल्याशा संग्रहालयाची मागची बाजू दिसायची. तिथे दगडी डोकी ठेवलेली होती, ओळीने. धडं नसलेली. वीसेक तरी असतील. आत मांडायला जागा नसेल म्हणून बाहेर. तुमची लेक सकाळी उठून खिडकीत बसायची आणि एकेका डोक्याला नाव ठेवायची. एकाचं नाव तुमच्या पिंजाऱ्याचं ठेवलं होतं."

"कुठल्या?"

"तोंड उघडं राहतं त्याचं."

आक्कांच्या ओठांना काहीतरी झालं. त्यांनी ते दाबलं.

"ठिकाण तिनेच ठरवलं होतं. नाव माझ्या लक्षात नाही. मी कधी लक्षातच ठेवायचो नाही, ती असायची ना. तिचा फोन उघडत नाही, आकडा माहीत नाही. खूप आठवून बघितलं. खिडकी तेवढी आठवते." तो परत बाहेर बघायला लागला. "तुम्हाला माझ्याशी काहीतरी बोलायचंय, आक्का. गाडीत बसल्यापासून कळतंय मला. मुंगीचंच आहे ना?"

वाक्य आक्कांच्या जिभेवर तयार होतं. दार लागलेलं होतं. चार भिंती होत्या.

"तुम्ही म्हणाल ते चूक नसणार," तो म्हणाला. "मला जमत नाही सगळं. दिसतंच आहे ते. फक्त मला वाटलं होतं, ती खोली सापडली की तिथे बसून बोलू. तिथे बरं गेलं असतं बोलणं. बाकी काही नाही."

आक्कांचा हात चादरीखाली गेला होता. मुद्दाम नाही. कुठल्याही गादीवर बसलं की तो जायचाच, कडा चाचपत. भिंतीच्या बाजूला खोळ कधीतरी वीतभर फाटली होती आणि कुणीतरी शिवली होती. दोरा जाड, वेगळ्या रंगाचा असणार. अंगठा त्यावरून पुढे सरकला. सरळ. सरळ. सरळ. उलटा.

अंगठा थांबला. मग मागे आला आणि परत सुरुवातीपासून निघाला, अंधारात पायऱ्या मोजाव्यात तसा. सरळ, सरळ, सरळ. उलटा. सरळ, सरळ, सरळ. उलटा. वीतभर शिवण, तीही घट्ट. जिथे दोन रात्री राहिली तिथली गादी शिवून गेली होती पोर. आणि मोजायला चुकली ती चुकलीच.

"मी बघून येतो पलीकडे," जावई म्हणाला. "तुम्ही पडा तोवर."

"इकडे या."

"काय झालं?"

"इकडे या म्हणते ना. बसा."

तो पलंगाच्या कडेला बसला, जागा अडू नये असा, अर्धा. आक्कांनी चादर उपसून बाजूला केली. दोरा निळा होता. त्यांनी त्याचं बोट धरलं, दीड वर्षात पहिल्यांदा, आणि शिवणीच्या सुरुवातीला टेकवलं. मग मांडीवरची उशी उचलून तिची कड शेजारी ठेवली.

"मोजा. तुमचं कामच आहे ते."

त्याने मोजलं. मग उशीवरचं मोजलं. परत गादीवर आला. तिसऱ्यांदा मोजताना बोट मध्येच थांबलं आणि तो तसाच वाकून राहिला. आक्कांनी खिडकीकडे बघितलं. आवारात एक माणूस पाण्याच्या टाकीवर चढून आत डोकावत होता.

खालून मुंगीचा आवाज आला, "बाबा, ही फुली की बरोबर?"

आक्काच उठल्या, कडी काढली, जिन्याच्या तोंडाशी जाऊन म्हणाल्या, "बरोबरची खूण कर. आणि घड्याळांचं किती वाजेपर्यंत उघडं असतं बघ." परत येऊन त्यांनी चादर पसरली. भिंतीच्या बाजूने मात्र ती खोचली नाही. जावयाने डोळे पुसले आणि चष्मा घातला. वाक्य अजून बोललं जायचं होतं, हे त्यालाही माहीत होतं. तो ताठ बसून वाट बघत होता, शिक्का उठायची वाट बघणाऱ्या दुकानदारासारखा.

आक्कांनी उशी डोक्याकडे ठेवली, दोनदा थोपटली.

"मी आजवर तुम्हाला बोलले नाही, आता बोलते," त्या म्हणाल्या. "तुम्ही वेंधळे आहात. महावेंधळे. जिथे येऊन पोचलात तिथूनच पुढच्या गल्लीत शोधायला निघाला होतात. तिला चारपर्यंत मोजता आलं नाही आणि तुम्हाला स्वतःची खोली ओळखता आली नाही, दोघं एका मापाची. घरी पोचलात की मुंगीच्या पलंगाचं माप काढा आणि मला कळवा. गादी तयार आहे माझ्याकडे, फक्त कापून बेतावी लागेल."